पुण्यात घर भाड्याने देताना-घेताना : नवा कायदा, जुना कायदा आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं मी पुण्यात भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी करून देण्याचं काम करतो. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन पाठीवर टाकायचं आणि कोथरूडपासून खराडीपर्यंत लोकांच्या घरी जाऊन बसायचं. एका बाजूला घरमालक, दुसऱ्या बाजूला भाडेकरू, मध्ये चहाचे कप. काम होईपर्यंत दोघंही जे विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी वकील नाही. भांडण कोर्टापर्यंत गेलं असेल तर वकीलच गाठा. पण मी पाहिलेली बहुतेक भांडणं करार नीट वाचला असता तर झालीच नसती, म्हणून हा खटाटोप.

दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही, असा मेसेज फिरतोय. नवीन भाडे कायदा लागू झाला का?

पुण्यात नाही. या मेसेजमध्ये दोन वेगवेगळ्या कायद्यांची सरमिसळ झाली आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली आणि त्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि दुकान-ऑफिससाठी सहा महिन्यांचं, ही मर्यादा त्या मसुद्यातली. पण घरमालक-भाडेकरू संबंध हा राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे. केंद्राने नमुना द्यायचा आणि राज्याने तो स्वीकारून स्वतःचा कायदा करायचा, अशी ही व्यवस्था. उत्तर प्रदेश आणि आसामने २०२१ मध्ये तसे कायदे केले. महाराष्ट्रात मात्र अजून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच चालतो. तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे.

करार नोंदवला नाही तर पाच हजार रुपये दंड, असंही त्याच मेसेजमध्ये असतं. ते मात्र खरं आहे आणि त्यात नवीन काही नाही. आपल्या १९९९ च्या कायद्यातल्या कलम ५५ मध्ये ते पहिल्यापासून लिहिलेलं आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे.

म्हणजे आदर्श कायद्याचा आपल्याला काहीच उपयोग नाही?

आहे, आणि तो कोणी सांगत नाही म्हणून मला वाईट वाटतं. कायदा लागू नसला तरी त्यातल्या चांगल्या गोष्टी दोघांच्या संमतीने करारात लिहायला कोणाची आडकाठी नाही. डिपॉझिट दोन महिन्यांचं ठेवा. भाडं वाढवायचं असेल तर तीन महिने आधी लेखी कळवा. घर बघायला यायचं असेल तर २४ तास आधी मेसेज करा आणि सूर्यास्तानंतर येऊ नका. चाव्या परत देतानाच डिपॉझिट परत करा. ही सगळी त्या मसुद्यातली कलमं आहेत. आमच्या सिस्टीममध्ये ठरलेल्या नमुन्याशिवाय जादा अटी लिहायलाही जागा असते. बारा वर्षांत ती जागा स्वतःहून वापरणारी माणसं मला फार थोडी भेटली.

त्या मसुद्यातली सगळीच कलमं मला पटतात असं नाही. मुदत संपल्यावर भाडेकरू राहिला तर पहिले दोन महिने दुप्पट आणि पुढे चौपट भाडं, असं त्यात आहे. मुलाची दहावीची परीक्षा तोंडावर आलेल्या कुटुंबाला चौपट भाडं म्हणजे फार झालं. ते मी कोणाच्या करारात घालायला सुचवत नाही.

माझ्या करारावर 'लिव्ह अँड लायसन्स' असं लिहिलंय. मग मी भाडेकरू आहे की नाही?

कायद्याच्या भाषेत नाही. तुम्ही परवानाधारक आहात, बोली भाषेत लायसन्सी. पुण्यातले आजचे जवळपास सगळे भाडेकरार याच प्रकारचे असतात आणि हा फरक समजला की निम्मे प्रश्न सुटतात.

भाडेपट्ट्यात, म्हणजे लीजमध्ये, घराच्या जागेत हक्क निर्माण होतो. लायसन्समध्ये फक्त ठराविक काळ वापरायची परवानगी मिळते. १९९९ च्या कायद्यातली जी मोठी संरक्षणं आहेत, म्हणजे ठराविक कारणाशिवाय बाहेर काढता न येणं किंवा भाडेवाढीवरची मर्यादा, ती भाडेकरूसाठी आहेत. लायसन्सीला त्याचा करार जे देईल तेच. राहत्या घराच्या लायसन्सबाबत कलम २४ तर असं सांगतं की लेखी करारात जे नमूद आहे तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा. 'ते तोंडी ठरलं होतं', 'एजंट म्हणाला होता' या वाक्यांना मग कवडीची किंमत उरत नाही.

मालक लायसन्सवरच का अडून बसतात? साधा भाडेकरार का करत नाहीत?

यामागे पुण्या-मुंबईतल्या दोन पिढ्यांची धास्ती आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. पुढची पन्नास वर्षं महागाई कुठच्या कुठे गेली, भाडी मात्र तिथेच राहिली. त्यात १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला. ज्यांनी विश्वासाने अकरा महिन्यांसाठी खोली दिली होती त्यांची खोली कायमची गेली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवलेली भाडी आता न्याय्य राहिली नाहीत असं स्पष्ट सांगितलं. त्यानंतर १९९९ चा कायदा आला आणि मुंबई, विदर्भ, मराठवाडा इथले तीन वेगळे कायदे जाऊन राज्याला एक कायदा मिळाला.

आज लायसन्सवर दिलेलं घर परत मिळायची सोय कायद्यात आहे. पण आजोबांची खोली गेलेली ज्याने पाहिली तो मालक घर कुलूपबंद ठेवतो, भाड्याने देत नाही. अशी बंद घरं मला प्रत्येक सोसायटीत दिसतात, आणि त्याच वेळी गेटवर कोणीतरी 'रूम आहे का' विचारत उभा असतो.

बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो, हे खरं का?

नाही. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे ठेवलेल्या ताब्याचा आहे. भाडेकरू किंवा लायसन्सी मालकाच्या परवानगीने राहतो. परवानगीचा ताबा कितीही वर्षं टिकला तरी त्यातून मालकी उगवत नाही.

अकरा महिन्यांचा करार केला तर नोंदणी लागत नाही ना?

महाराष्ट्रात लागते. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. आपल्याकडे कलम ५५ ने ती बंद केली. लायसन्स असो वा भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत अकरा महिने असो की तीन वर्षं. तरीही लोक अकराच महिने लिहितात आणि दरवर्षी पुन्हा खर्च करतात. दोघांचं जमत असेल तर २२, ३३ किंवा ३६ महिन्यांचा करार करा. लायसन्ससाठी ६० महिन्यांपर्यंत जाता येतं.

मग नोटरी केलेला पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरचा करार?

तो नोंदणीची जागा घेत नाही. कलम ५५ मध्ये आणखी एक गोष्ट आहे जी मालकांनी वाचायलाच हवी. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं मानलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हजार-दीड हजार वाचवायला कोणी ही जोखीम का घेतं, मला कळत नाही.

नोंदणीला खर्च किती येतो?

मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे ०.२५. ते तीन गोष्टींच्या बेरजेवर लागतं: पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००.

समजा वारज्यात वन बीएचके आहे, भाडं २०,०००, डिपॉझिट ६०,०००, मुदत अकरा महिने. भाडं झालं २,२०,०००. डिपॉझिटवरचं व्याज ६,००० धरा. एकूण २,२६,००० चा पाव टक्का म्हणजे ५६५ रुपये. त्यात फी १,००० आणि वर करून देणाऱ्याचा मेहनताना. तो आधी विचारून घ्या, आणि सरकारी पावत्या वेगळ्या मागा. नोंदणी झाल्यावर हवेलीच्या दुय्यम निबंधकांचा क्रमांक असलेली प्रत दोघांनाही मिळाली पाहिजे. ती फक्त मालकाकडे ठेवायची नसते.

खर्च कोणी करायचा हे दोघांनी आधीच ठरवावं. पुण्यात निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे आणि ती मला रास्त वाटते.

डिपॉझिट परत मिळेल याची खात्री कशी करायची?

या प्रश्नावर जरा थांबतो, कारण माझं स्वतःचं डिपॉझिट एकदा बुडालं आहे.

मी विशीत स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलो तेव्हा सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. एका खोलीत चार कॉट, भिंतीला लागून चार पत्र्याच्या ट्रंका. दोन महिन्यांचं डिपॉझिट दिलं होतं, पावती नव्हती, करार तर नव्हताच. दीड वर्षाने खोली सोडताना मालकांनी भिंतीवरच्या ओलीचा डाग दाखवला आणि रंगाचा खर्च म्हणून सगळे पैसे ठेवून घेतले. तो डाग मी येण्याच्या आधीपासून होता. माझ्याकडे सांगायला होतं, दाखवायला काही नव्हतं.

महाराष्ट्रात डिपॉझिटला कमाल मर्यादा नाही आणि ते किती दिवसांत परत करायचं हेही कायद्यात ठरलेलं नाही. म्हणून या दोन्ही गोष्टी करारातच ठरवायच्या. मी लोकांना असं वाक्य घालायला सांगतो: 'घराचा ताबा परत घेताना, त्याच दिवशी, थकीत भाडं, लाईट बिल आणि लेखी दाखवलेलं नुकसान वजा करून उरलेली रक्कम बँक खात्यात परत केली जाईल.' आणि रंगाचा खर्च लागणार असेल तर त्याचा आकडा आधीच लिहा. 'रंगकाम व साफसफाईचा खर्च वजा करून' एवढंच मोघम वाक्य म्हणजे कोरा चेक.

राहायला जायच्या दिवशी रिकाम्या घराचे फोटो काढा. बेसिनखालचा नळ, बाथरूमच्या दारामागचा भाग, गॅलरीचं सरकतं दार, किचन ओट्याच्या कडा, खिडकीखालची ओल. विजेच्या मीटरचं रीडिंग. सगळे फोटो त्याच दिवशी मालकांना पाठवा, म्हणजे तारीख आपोआप राहते. ओल दिसली तर 'ही आधीपासूनची' असं खाली लिहा. यात संशय घेण्यासारखं काही नाही, भल्या मालकांना उलट बरंच वाटतं.

भाडं दरवर्षी १० टक्क्यांनी वाढवतात. कायद्यात तर ४ टक्के आहे असं ऐकलं.

चार टक्के ही मर्यादा कलम ११ ची आणि ती जुन्या, नियंत्रित भाड्याच्या भाडेकरूंसाठी आहे. लायसन्सला ती लागू होत नाही. तुमच्या करारात पाच लिहिलं असेल तर पाच, दहा असेल तर दहा. जास्त मुदतीचा करार करून प्रत्येक वर्षाचं भाडं आकड्यांत लिहून घेतलं की अकराव्या महिन्यातली घासाघीस संपते. मुदतीच्या मध्येच वाढ मागितली तर ती द्यायला तुम्ही बांधील नाही.

मुदत संपली तरी समोरचा घर सोडत नाही. कुठे जायचं?

राहतं घर लायसन्सवर दिलेलं असेल तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पुणे विभागासाठी असं प्राधिकरण आहे. दिवाणी दाव्यापेक्षा ही वाट जवळची. लायसन्सीला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. त्याने ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं मान्य केलं असं धरलं जातं. आणि मुदत संपल्यानंतर जितके दिवस तो राहिला त्या दिवसांचे पैसे करारातल्या दराच्या दुप्पट.

लायसन्सींनी यातली ३० दिवसांची गोष्ट नीट लक्षात ठेवावी. समन्स आल्यावर 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं खरंच काहीतरी होतं.

दुकान किंवा ऑफिस लायसन्सवर दिलं असेल तर ही सोय नाही. तिथे लघुवाद न्यायालयात दावा करावा लागतो.

मालक म्हणतात उद्या सामान बाहेर काढ, नाहीतर लाईट-पाणी तोडतो. चालतं का?

नाही. मुदत संपली असली तरी घर परत घ्यायचा रस्ता प्राधिकाऱ्याकडून किंवा कोर्टातून जातो, कुलूप बदलून जात नाही. भाडेकरूचं पाणी-वीज विनाकारण तोडायला कलम २९ ने मनाई आहे आणि कोर्ट ती परत सुरू करायचा आदेश देऊ शकतं. ते कलम 'भाडेकरू' हा शब्द वापरतं, म्हणून लायसन्सच्या करारात 'कोणत्याही वादाच्या काळात पाणी व वीज बंद केली जाणार नाही' हे वाक्य मी आवर्जून घालायला सांगतो.

जबरदस्ती झाली तर आधी पोलीस चौकीत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कायदेशीर मार्गाशिवाय ताबा काढून घेतला गेला तर सहा महिन्यांच्या आत दिवाणी न्यायालयात जाऊन तो परत मागता येतो का, हे वकिलाला लगेच विचारा. सहा महिने फार पटकन जातात.

मालक केव्हाही चावी लावून घरात येतात.

कलम २८ प्रमाणे मालकाला घर पाहायचा हक्क आहे, पण आधी कळवून आणि योग्य वेळी. एकट्या राहणाऱ्या मुलींकडून ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. दुसरी चावी कोणाकडे असेल आणि ती कधी वापरायची, हे करारात लिहा. तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

दुरुस्ती कोणाची?

भिंत, छत, पाइप, वायरिंग मालकाचं. नळाचा वॉशर, बटणं, गीझरची किरकोळ दुरुस्ती, तुंबलेलं सिंक राहणाऱ्याचं. आदर्श कायद्याची वाटणी साधारण अशीच आहे आणि व्यवहारालाही धरून आहे. १९९९ च्या कायद्यात भाडेकरूला एक चांगला हक्क आहे: १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत. लायसन्सींनी हेच करारात मागून घ्यावं.

सोसायटी एनओसी देत नाही. बॅचलर नकोत म्हणतात.

फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीला आधी कळवणं, नोंदणीकृत कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत देणं, हे सभासदाचं कर्तव्य आहे. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीच्या पूर्वपरवानगीची अट नाही. पैशांच्या बाबतीत तर सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा निर्णयच आहे: भाड्याने दिलेल्या फ्लॅटला बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. मेंटेनन्स दुप्पट करणाऱ्या सोसायट्या आजही आहेत. त्यांना हा निर्णय दाखवा, आणि नाही ऐकलं तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा.

नोकरीसाठी नांदेडहून, साताऱ्याहून आलेल्या पोरांनी राहायचं कुठे, हा विचार सोसायटीच्या बैठकीत कोणीतरी मांडायला हवा. गोंगाट होत असेल तर गोंगाटाचा नियम करा. माणूस अविवाहित आहे हा नियमभंग नव्हे.

पोलीस पडताळणी लागतेच का?

हो. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची जबाबदारी मालकाची, आणि पुण्यात ती ऑनलाइन भरता येते. करार नोंदवला म्हणजे हे आपोआप झालं असं समजून सोडून देऊ नका, पोच काढून ठेवा. भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर त्याची माहिती २४ तासांत कळवावी लागते.

कॉट बेसिस आणि पीजीवाल्यांना काही संरक्षण आहे का?

फार कमी, आणि म्हणूनच लेखी करार त्यांनाच सर्वांत जास्त हवा. नवी पेठ, नारायण पेठ, शास्त्री रोडच्या मागच्या गल्ल्या, तिकडे हिंजवडी, वाकड, सगळीकडे हजारो मुलं-मुली एका पावतीवर राहतात, काही तर पावतीशिवाय. निदान एवढं करा: भाडं आणि डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने द्या, सोबत 'डिपॉझिट' असा शब्द लिहा, आणि सोडायच्या आधी किती दिवस सांगायचं ते मेसेजवर कबूल करून घ्या. भाड्याची पावती देणं हे कलम ३१ प्रमाणे घेणाऱ्याचं कर्तव्य आहे.

आमच्या वाड्यात पन्नास वर्षांपासूनचे भाडेकरू आहेत. नव्या सुधारणांनी त्यांचं काय होणार?

आदर्श कायदा उद्या महाराष्ट्राने जसाच्या तसा स्वीकारला तरी तो पुढच्या करारांना लागू होईल. जुने भाडेकरू, पागडीची (घर घेताना मालकाला एकरकमी पैसे देऊन घेतलेली) घरं, यांना तो हात लावत नाही.

कसबा, शनिवार, बुधवार पेठेतल्या वाड्यांचा प्रश्न वेगळाच आहे आणि त्यात मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. भाडं ५० रुपये असेल आणि दरवर्षी ४ टक्क्यांनी चढत गेलं तर २५ वर्षांनी होतं १३३ रुपये. एवढ्यात वाड्याची कौलंसुद्धा शाकारून होत नाहीत. तुळई वाकलेली, जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या, पावसाळ्यात महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर. मालक म्हणतो पैसा कुठून आणू. वरच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या काकू म्हणतात, खाली उतरले तर परत वर कोण घेणार. दोघंही खोटं बोलत नसतात.

कायदा काय म्हणतो? जुन्या भाडेकरूला थकबाकीसाठीसुद्धा ९० दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्सपासून ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरली आणि पुढेही भरत राहिला तर घर जात नाही. पोटभाडेकरू ठेवणं, लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम करणं, सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने घर न वापरणं, मालकाची खरी गरज, ही कलम १६ मधली काढण्याची कारणं. मालकाच्या गरजेचं कारण असेल तर कोर्ट दोघांच्या हालअपेष्टा तोलून बघतं. पाडून नवं बांधायचं असेल तर आराखडे आणि पैसा तयार असल्याचं दाखवावं लागतं. पागडी घेणं-देणं १९९९ च्या कायद्याने वैध केलं, हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

बिल्डर मध्ये आला असेल तर नव्या इमारतीतली जागा किती, कितव्या मजल्यावर, मालकी हक्काने की भाड्याने, आणि तोपर्यंतचं भाडं कोण देणार, हे नोंदणीकृत करारात आल्याशिवाय कोणीही खोली रिकामी करू नये.

कराचं काय?

थोडक्यात. महिन्याला ५०,००० पेक्षा जास्त भाडं देणाऱ्या व्यक्तीला २ टक्के टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागतो. ऑक्टोबर २०२४ च्या आधी तो ५ टक्के होता. मालक परदेशात राहणारा, एनआरआय असेल तर भाडं कितीही कमी असो, टीडीएस कापायचा असतो आणि दर बराच जास्त असतो. बाणेर-खराडीत असे मालक पुष्कळ, आणि भाडेकरूंना हे कोणी सांगत नाही. आधी सीएला विचारा. पगारातल्या घरभाडे भत्त्यावर (एचआरए) करसवलत घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन लागतो, तो करार करतानाच घ्या.

पुणे महापालिका स्वतः राहत असलेल्या घराला मिळकत करात ४० टक्के सवलत देते. घर भाड्याने दिलं की ती मिळत नाही. करार नोंदवायला टाळाटाळ होते त्यामागे पुष्कळदा हे कारण असतं. वाढीव कर भाड्यात धरा आणि उघडपणे सांगा.

मालक वयस्कर आहेत, अंगठा उमटतच नाही. मग?

हात साबणाने धुवून कोरडे करायचे, मग दुसरी बोटं लावून बघायची. अजिबातच जमलं नाही तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन नोंदणी करता येते.

गेल्या पावसाळ्यात कर्वेनगरला एका आजींचा अंगठा लागेना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच पुसट झाल्या होत्या. मशीन लाल होत होतं, आजी पदराला बोट पुसून पुन्हा ठेवत होत्या. समोर बसलेल्या मुलीला, जी त्यांचा वन आरके घेत होती, मी म्हटलं, तोवर करार मोठ्याने वाच. ती वाचत गेली. सातव्या कलमाशी आजींनी हात उचलला. "डिपॉझिट कधी परत द्यायचं ते यात नाहीये गं," त्या म्हणाल्या, "मी मेले तर माझा लेक तुला देणार नाही. लिही." मसुदा मागे घेतला, ओळ घातली, पुन्हा सुरुवात केली. चौथ्या खेपेला डाव्या हाताचं मधलं बोट लागलं.